वादळानंतरचा अंधार

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मंगल प्रसंगी वादळासारखा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु देवळाचे काम हाती घेताना पाया किती खोल घ्यावा, छप्पर कशाचे करावे, पागोळीचे पाणी कोठे काढावे, या सर्व गोष्टींचा विचार गावाने केलाच. वास्तू टिकावी म्हणून जो विचार झाला, तोच विचार वास्तूभोवतीच्या माणसांसाठीही व्हावा, एवढाच या विषयामागचा हेतू आहे.

वादळ म्हटले की डोळ्यांपुढे वारा उभा राहतो. उडणारे पत्रे, मोडून पडणारी माडाची झाडे, खवळलेला दर्या. पण वारा हा तीन-चार तासांचा पाहुणा असतो. येतो, धिंगाणा घालतो आणि निघून जातो. त्याच्या पाठोपाठ येणारा अंधार मात्र बिऱ्हाड थाटून राहतो. वीज नाही, फोन नाही, पाणी नाही, कोणाची खबर कोणाला नाही. ही अवस्था दिवसेंदिवस, काही ठिकाणी महिनोन् महिने चालते. वाऱ्यापासून माणूस कसा वाचवावा हे शास्त्राने आता बऱ्याच अंशी साधले आहे. अंधारापासून कसा वाचवावा, हे मात्र ज्या त्या गावाने स्वतःच शिकायचे आहे.

निसर्ग वादळाचा धडा

३ जून २०२० रोजी, बुधवारी, 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, मधूनमधून तो १३० पर्यंत जात होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड आणि दापोली या तालुक्यांना मोठा तडाखा बसला. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत भुईसपाट झाल्या. हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता, किनाऱ्यावरील हजारो माणसे सुरक्षित जागी हलवली होती, म्हणून मनुष्यहानी फार झाली नाही. याबद्दल शासकीय यंत्रणेला आणि ग्रामस्थांना श्रेय द्यावे तेवढे थोडेच.

पण त्या संध्याकाळनंतर काय झाले? विजेचे खांब रांगेने आडवे झाले होते. मोबाईलचे मनोरे मुके झाले होते. त्यात कोरोनाच्या टाळेबंदीचे दिवस. मुंबईतला मुलगा गावच्या आईबापांच्या खबरेसाठी तळमळत होता आणि गावची माणसे 'आम्ही जिवंत आहोत' एवढे चार शब्द कळवण्यासाठी रेंज शोधत डोंगराच्या माथ्यापर्यंत जात होती. तालुक्याच्या गावी वीज आली तरी आतल्या वाड्यांपर्यंत ती पोहोचायला फार दिवस लागले. काही गावे महिना उलटला तरी अंधारातच होती. वर पावसाळा सुरू झालेला आणि घरावर कौल नाही.

अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, 'आमच्या लहानपणी कोठे होती वीज? आम्ही नाही का जगलो?' बोलणे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. त्या काळी गाव अंधारात होता, तरी अडलेला नव्हता. घरात कंदील आणि चिमणी होती, रेशनवर रॉकेल होते, जाते होते, विहिरीवर रहाट होता, पोस्टाची तार होती. अंधारात चालण्याजोगी सर्व साधने घरात होती. आज ती साधने गेली. रॉकेल पूर्वीसारखे मिळत नाही. जाते परसदारी उलटे पडले आहे. नळयोजना आली तेव्हापासून विहिरीचा गाळ कोणी काढला नाही.

आणि नवे जे आले ते सारे एकाच तारेवर टांगलेले आहे. वीज गेली की नळयोजनेचा पंप बंद, म्हणून पाणी बंद. गिरणी बंद, म्हणून पीठ नाही. बँकेचे व्यवहार बंद, पैसे काढण्याचे यंत्र बंद, म्हणून खात्यात पैसे असून खिशात नाहीत. पेट्रोल पंपावरचे यंत्रही विजेवरच चालते. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्राला अंगठ्याचा ठसा जुळवायला नेटवर्क लागते. ते नसेल तर धान्य गोदामात असूनही वाटप अडते. इतकेच नव्हे, नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडायची झेरॉक्ससुद्धा विजेशिवाय निघत नाही. तार तुटली की नुसता दिवा जात नाही, अर्धा संसार बंद पडतो.

सातासमुद्रापलीकडील एक उदाहरण

हा अंधार केवळ गैरसोयीचा नसतो, तो जीवघेणा असतो. याचा पुरावा जगाला मिळाला तो पोर्तो रिको या बेटावर. कॅरिबियन समुद्रातील हे बेट अमेरिकेच्या अमलाखाली आहे. आकाराने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडेसे मोठे. तिकडे चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात. २० सप्टेंबर २०१७ रोजी 'मारिया' नावाचे हरिकेन या बेटावरून आरपार गेले. ताशी सुमारे २५० किलोमीटरचा वारा. साऱ्या बेटाची वीज एकाच दिवसात गेली. मोबाईलचे शंभरातले पंच्याण्णव मनोरे बंद पडले. शेवटच्या घरांत वीज परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले.

तेथील सरकारने प्रथम बळींचा आकडा दिला तो ६४. लोकांचा त्यावर विश्वास बसेना. कारण प्रत्येक गावात वादळानंतरच्या आठवड्यांत नेहमीपेक्षा जास्त माणसे गेली होती. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने सरकारच्याच सांगण्यावरून मृत्यूच्या नोंदी तपासल्या. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या सहा महिन्यांत एरवी किती मृत्यू झाले असते आणि प्रत्यक्षात किती झाले, याचा ताळा केला. जास्तीचे मृत्यू निघाले २,९७५. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने तोच आकडा अधिकृत म्हणून स्वीकारला.

६४ आणि २,९७५ या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते बहुतांशी वादळानंतरच्या दिवसांचे आहे. या माणसांच्या अंगावर झाड पडले नव्हते की भिंत कोसळली नव्हती. कोणाचे प्राणवायूचे यंत्र बंद पडले, कोणाचे डायलिसिस चुकले, कोणाचे औषध संपले, कोणासाठी डॉक्टरला निरोपच पोहोचला नाही. यात वृद्ध आणि गरीब माणसे अधिक होती. आणि ही माणसे गेली ती एकेक करून, गाजावाजा न होता. म्हणूनच ती आधी मोजली गेली नाहीत.

आपल्या देशाचा अनुभव याला पूरकच आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओरिसात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगाव माणसे तयार केली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ 'फनी' वादळ आले, तेव्हा बारा लाखांवर माणसे आधीच हलवली होती आणि मृत्यू शंभराच्या आतच राहिले. ही कामगिरी थोर आहे. तरीसुद्धा पुरी-भुवनेश्वरचा अंधार काही चुकला नाही. तेथेही लोकांनी विजेविना आणि पाण्याविना दिवस काढले.

वीज यायला वेळ का लागतो

खांब पडले की लोक तारमार्गावरच्या कर्मचाऱ्यांवर रागावतात. राग समजण्यासारखा आहे, पण कामाची रीतही समजून घेतली पाहिजे. वीज घरात येते ती साखळीने येते. मोठ्या वाहिनीतून उपकेंद्रात, उपकेंद्रातून अकरा हजार व्होल्टच्या तारेने गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, ज्याला सगळे डीपी म्हणतात, आणि तेथून खांबांवरून घरात. दुरुस्ती वरच्या कडीपासून खाली करीत यावी लागते. वरची कडी तुटलेली असताना आपल्या दारचा खांब उभा केला तरी दिवा लागत नाही. आधी रुग्णालय, पाणीयोजना, तालुक्याचे गाव, मग मोठी गावे, आणि सर्वांत शेवटी टोकाची वाडी. त्यात कोकणातला रस्ता अरुंद, त्यावर झाडे पडलेली, क्रेन जायला वाट नाही. जांभ्या दगडात खड्डे हातांनी खणायचे आणि खांब खांद्यावरून वाहायचे. निसर्ग वादळानंतर इतर जिल्ह्यांतून आलेल्या कर्मचाऱ्यांनी भर पावसात ही कामे केली. ज्या गावांनी रस्ता मोकळा करून दिला, खांब उचलायला खांदा दिला, त्यांनी स्वतःचेच दिवस वाचवले.

मोबाईलचेही असेच आहे. मनोऱ्याला वीज लागते. ती गेली की बॅटरी काही तास चालते, मग डिझेलचे जनित्र. डिझेल आणणारी गाडी झाडांनी अडली की जनित्र थांबते. शिवाय मनोरा चालू असला तरी त्याला पुढच्या केंद्राशी जोडणारी तार तुटली तर तो आवाज असून बहिरा होतो. जुन्या टेलिफोनला वीज केंद्रातून तारेवाटे मिळत असे, म्हणून घरातला दिवा गेला तरी फोन वाजत असे. आजच्या साधनांत ती सोय राहिलेली नाही.

गावाने काय करावे

आता मुख्य मुद्दा. यातील कोणतीही गोष्ट फार खर्चाची नाही, मात्र सर्व गोष्टी आधी करून ठेवण्याच्या आहेत.

पहिली गोष्ट माणसांची यादी. प्रत्येक वाडीतील एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले, इन्सुलिन घेणारे, डायलिसिसला जाणारे, प्राणवायूच्या यंत्रावर असणारे यांची नावे एका वहीत लिहिलेली असावीत आणि प्रत्येक नावापुढे 'कोणी जाऊन पाहायचे' त्या शेजाऱ्याचे नाव असावे. वादळ ओसरल्यावर पहिल्या दोन तासांत ही घरे पाहून व्हावीत. यंत्रावर जगणाऱ्या माणसाला मात्र वादळाचा इशारा मिळताच रुग्णालय असलेल्या गावी हलवणे, हेच शहाणपणाचे. पोर्तो रिकोमध्ये अशी वही गावोगाव असती तर कित्येक प्राण वाचले असते.

दुसरी गोष्ट पाणी. गावातील निदान दोन विहिरी गाळ काढून, रहाट व दोर लावून तयार ठेवाव्यात. इशारा मिळताच घरातली भांडी, हंडे, पिंप भरून ठेवावेत. वादळानंतर विहिरीत पाला आणि घाण पडलेली असते, म्हणून पाणी उकळून अगर औषध टाकूनच प्यावे.

तिसरी गोष्ट औषधे आणि शिधा. रोजच्या गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या घरात असाव्यात. इन्सुलिनची चालू कुपी बहुधा चार आठवडे थंड सावलीच्या जागी टिकते. फ्रीज बंद पडल्यास ती पिशवीत नीट बांधून ओल्या मडक्यात ठेवण्याची रीत आहे. तरी नक्की कोणते औषध किती टिकेल, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. पीठ दळून ठेवावे, थोडी रोख रक्कम घरात असावी.

चौथी गोष्ट उजेड. घरटी एक सौरकंदील अगर बॅटरी असावी. मेणबत्ती आणि चिमणी लावून झोपू नये. अडजुन्तास हे पोर्तो रिकोच्या डोंगरातले गाव. तेथे 'कासा पुएब्लो' नावाची एक लोकसंस्था आहे, तिच्या इमारतीवर वादळाच्या पुष्कळ आधीपासून सौरपट्ट्या होत्या. मारियानंतर साऱ्या डोंगरात अंधार असताना ही एक इमारत उजळलेली होती. लोक तेथे येऊन श्वासाची यंत्रे चालवीत, फोन भरून घेत. संस्थेने गोरगरिबांना सौरदिवे वाटले. आपल्या गावातही देवळाचा सभामंडप, शाळा अगर समाजमंदिर यांपैकी एका पक्क्या जागी अशी सोय करता येईल. जागा कोणतीही असो, ती सर्वांना आधीपासून ठाऊक असावी आणि सर्व वाड्यांतील, सर्व समाजांतील माणसांना मोकळी असावी.

पाचवी गोष्ट निरोप. गावात निदान दोन-तीन ठिकाणी सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर असावेत. मारियाच्या वेळी सारी नभोवाणी केंद्रे बंद पडली असता 'वापा' नावाचे एक केंद्र मात्र चालू राहिले. लोक मैलोन् मैल प्रवास करून त्या केंद्रावर जात आणि 'आम्ही सुखरूप आहोत' हे ध्वनिक्षेपकावरून आपल्या माणसांना सांगत. ओरिसातही १९९९ साली हौशी नभोवाणीवाल्यांनी, म्हणजे हॅम रेडिओ चालवणाऱ्यांनी, तुटलेल्या भागातले निरोप बाहेर पोहोचवले. दूरची वाट बंद झाली की अशा जुन्या साधनांचे मोल कळते. गावातल्या गावात तर घंटा आणि दवंडी आजही पुरेशी आहे. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी एका जागी जमावे आणि काय कळले ते फळ्यावर लिहावे. खात्रीचे तेवढेच लिहावे, कारण अंधारात अफवा फार वेगाने पळते.

मोबाईल वापरताना तो सारखा चालू न ठेवता ठरावीक वेळीच चालू करावा. रेंज क्षीण असता बोलण्यापेक्षा लिहिलेला छोटा संदेश लवकर जातो. प्रत्येक घराने बाहेरगावचा एकच नातेवाईक ठरवावा, सर्वांनी त्यालाच कळवावे आणि त्याने बाकीच्यांना सांगावे. चाकरमानी मंडळींनीही हे लक्षात घ्यावे. वीस जणांनी वीस वेळा फोन लावल्याने वाट मोकळी होत नाही, उलट तुंबते. एका कंपनीचा मनोरा पडल्यास दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून बोलता येण्याची सोय संकटकाळी शासन करू शकते. २०२३ साली 'बिपरजॉय' वादळाच्या वेळी गुजरातेत ती करण्यात आली होती.

सहावी गोष्ट कागद. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा, घरपट्टीची पावती यांच्या झेरॉक्स प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंचावर ठेवाव्यात. वादळानंतर मोडतोड आवरण्यापूर्वी तिचे फोटो काढावेत. फोन बंद असेल तर वहीत लिहून ठेवावे: किती झाडे, कोणती, किती कौले अगर पत्रे, कोणती भिंत, तारीख आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या. पंचनाम्याला तलाठी-ग्रामसेवक येईपर्यंत घर उघडे ठेवून बसणे कोणालाच परवडत नाही. अशी नोंद असली म्हणजे सांगणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची, दोघांचीही अडचण दूर होते. ज्याला लिहिता येत नाही त्याची नोंद शेजारच्या शाळकरी मुलाने करावी. गरिबाचा हक्क बुडतो तो पुष्कळदा कागद भिजल्यामुळे बुडतो.

शेवटची गोष्ट सावधगिरीची. पडलेली तार मेलेली आहे असे कधीही धरू नये. तिच्यापासून लांब राहावे, गुरांना आणि मुलांना लांब ठेवावे. जनरेटर घरात, पडवीत अगर बंद गोठ्यात चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला रंग नाही, वास नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात 'लॉरा' वादळ झाले, त्यातील बळींपैकी मोठा भाग या वायूने गुदमरलेल्यांचा होता. वाऱ्यातून वाचलेली माणसे झोपेत गेली. तसेच जनरेटर घरच्या वायरिंगला परस्पर जोडू नये. ती वीज उलटी तारेवर चढते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव घेते. जो आपल्या घरी दिवा लावायला आला आहे, त्याच्या घरचा दिवा आपल्या हातून विझू नये.

समारोप

अरबी समुद्र पूर्वी शांत मानला जात असे. आता तसे म्हणता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या समुद्रातील चक्रीवादळे वाढल्याचे दाखवून दिले आहे. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान', २०२० साली 'निसर्ग', २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते', ही नावे किनाऱ्यावरच्या पोरांनाही पाठ झाली आहेत.

वादळे दोन मोसमांत येतात, पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर. आपल्या पंचांगात या दोन्ही मोसमांच्या आधी दोन सण येतात, अक्षय्य तृतीया आणि घटस्थापना. या दोन दिवशी सकाळी गावातील चार तरुण आणि चार वडीलधारी मंडळी यांनी एकत्र बसून ती वही उघडावी. कोणी वारले असेल, कोणी नव्याने आजारी असेल, कोणी मुंबईहून परतले असेल, त्याप्रमाणे नावे दुरुस्त करावीत. ट्रान्झिस्टरचे सेल बदलावेत, सौरकंदील उन्हात ठेवावेत, रहाटाचा दोर ओढून पाहावा. एका तासाचे काम आहे.

त्या वहीचे पहिले पान येत्या अक्षय्य तृतीयेला लिहिले जावे, एवढीच ग्रामस्थांना नम्र विनंती.

॥ शुभं भवतु ॥